लेकीला आणायला टर्बो

२२ डिसेंबर, रविवार
पोरीचं बारसं झालं. नाव समृद्धी. केडगावला, माझ्या सासुरवाडीत. मांडव, जेवण, बायकांची गाणी, सगळं व्यवस्थित. माझ्या नशिबात मात्र दिवसभर साडू.

विश्वजीत म्हणजे माझ्या मेव्हणीचा, अनिताताईंचा नवरा. त्याची नवी गाडी टर्बोची आहे हे तो न विचारता सांगतो. जेवताना सांगितलं, हात धुताना सांगितलं, पाळण्याची दोरी ओढतानाही सांगितलं. पाळणा सकाळी मी दौंडवरून माझ्या गाडीतून आणला, शेजारी मामा बसले होते. मामा म्हणजे सासरे. वरवंडच्या पुढं हा मागून आला, काच खाली करून हसला आणि निघून गेला. मी अॅक्सिलरेटर फळीला टेकवला. माझी गाडी नुसती ओरडली. मामा म्हणाले, "असू द्या पाव्हणं, पाळणा हाय गाडीत, हळूच बरं."

सासऱ्यानं जावयाची कीव करावी, तीही पाळणा मांडीवर घेऊन. शिसारी आली.

२३ डिसेंबर
ठरलं. माझ्या गाडीला टर्बो बसवायचा. बायकोला, नीलमला, आणि समृद्धीला सव्वा महिन्यानं निमोण्याला घरी आणायचंय. बाप लेकीला पहिल्यांदा घरी आणतो तो दिवस आयुष्यात एकदाच येतो. ती टर्बोच्या गाडीतूनच येणार.

पोरासोरांसारखं धूर सोडणारं, फटाके वाजवणारं काही नको. रिलायबल सेटअप करायचा. मी रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर लोकांचे पार्ट रिजेक्ट करतो. रिलायबल म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. इंटरनेटवर सगळं वाचलं. बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमी ठेवा, तेल चांगलं वापरा, इंजिन थंड राहील असं बघा, घाई करू नका. सगळं माझ्या स्वभावाला धरूनच आहे.

आईला समजावून सांगितलं की सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. ती म्हणाली, "म्हंजी फुकणी की." आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पेपरमधून मान वर न करता विचारलं, आत्ता गाडीला काय झालंय. काहीच झालेलं नाही. लोकांना नेमकं हेच कळत नाही.

२९ डिसेंबर, रविवार
दौंडच्या भंगारवाल्याकडं टर्बो मिळाला. कुठल्यातरी डिझेल पिकअपचा. गॅरंटी विचारली तर भंगारवाला म्हणाला, बोटानं फिरवून बघा. फिरवला, फिरला. त्याच्या दुकानात इतकी घाण होती की बूट बाहेर काढून झटकावे लागले, पण रत्न उकिरड्यातच सापडायचं.

न्हावऱ्याला पृथ्वीराजचं गॅरेज आहे. पाटीवर लिहिलंय पृथ्वीराज परफॉर्मन्स. खालच्या जुन्या रंगातून 'पंप व फवारणी यंत्र दुरुस्ती' अजून दिसतं. म्हटलं, डिझेलचा टर्बो पेट्रोल गाडीला चालेल का. म्हणाला, होतंय की. इंजिनाला झेपेल का. होतंय की. सव्वा महिन्यात होईल का. होतंय की. या तालुक्यात नकार न देणारा पहिला माणूस भेटला.

५ जानेवारी, रविवार
गाडी उघडली. इंजिनातून धूर बाहेर नेणारा मूळचा पाइप कापून त्यालाच टर्बो जोडायचा आहे. पृथ्वीराजनं आधी कापला आणि मग माप घेतलं. मी बोलणार होतो, पण कारागिराचा उत्साह मोडू नये. शिवाय आता परत फिरायचा प्रश्न उरला नाही. परतीचा रस्ता बंद झाला की माणूस मन लावून काम करतो.

उद्यापासून कंपनीची बस. बसमध्ये गुटख्याचा वास, सीटवर कुणाच्यातरी टिफिनची भाजी सांडलेली. काही दिवस सोसायचं.

१२ जानेवारी, रविवार
नीलमचा फोन. मामांनी पुढचा रविवार धरलाय, न्यायला या म्हणाली. गाडीचं इंजिन आत्ता गॅरेजमध्ये दोन गोणपाटांवर पसरलेलं आहे. मी म्हटलं, पौष चालू आहे, पौषात लेकीला घरी आणू नये.

"तुम्ही कवापास्नं पौष मानाय लागला?"

मी म्हटलं, बाप झाला की माणूस बदलतो. तिनं मग फोन पोरीच्या तोंडाशी धरला. नुसता श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा बारीक. मला आनंद झाला. थेट टर्बोसारखा आवाज.

पौष इतका उपयोगी महिना असेल असं वाटलं नव्हतं. जुन्या लोकांनी काहीतरी विचार करूनच ठेवलाय.

२६ जानेवारी, रविवार
इंजिन चालू झालं. शिट्टी वाजली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अर्थात गॅरेजमध्ये धूरही बराच होता. गाडी मी स्वतः चालवत निमोण्याला आणली, पृथ्वीराज शेजारी बसला होता.

नवं यंत्र म्हटलं की पूजा आलीच. दसऱ्याला आपण विहिरीवरच्या मोटारीची करतो, मग टर्बोनं काय घोडं मारलंय. एअर फिल्टरचा पाइप अजून आला नव्हता, त्यामुळं टर्बोचं तोंड उघडं होतं. ते मी झाकलं नाही. आतला पंखा देखणा दिसतो आणि आळीतली माणसं बघायला जमली होती. पूजा चालू इंजिनावर करू हेही मीच सुचवलं, म्हणजे यंत्र जागं असतं. आईनं हळदकुंकू लावलं. सुपारीचा गणपती मांडायला बॉनेटखाली सपाट जागाच नव्हती. टर्बोच्या तोंडाची कड तेवढी बरी दिसली. तिनं तिथं विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी. मी हात जोडले आणि लोकांना शिट्टी ऐकवायला पृथ्वीराजला खूण केली. त्यानं रेस दिली.

आधी पान आत गेलं. मागोमाग गणपती.

पुढचा आवाज लिहवत नाही. पंख्याची पाती दुमडून एकमेकांत अडकली. आई रडायला लागली, देव गेला म्हणून. मी तिच्या अंगावर ओरडलो, सपाट जागा दिसली की काहीही ठेवायचं का. मग पृथ्वीराजकडं बघितलं, तर तो उरलेलं खोबरं खात होता. आळीतली माणसं तोंडाला रुमाल लावून पांगली.

थंड डोक्यानं विचार केला तर दोष मूळ मालाचा. चांगल्या प्रतीचा टर्बो एका सुपारीनं मोडत नाही.

२८ जानेवारी
गावात सांगत फिरतायत की सत्यजीतच्या गाडीनं गणपती खाल्ला. कंपनीच्या बसमध्येही पोचलं. एकानं विचारलं, नैवेद्याला काय लागतं तिला. या लोकांना दुसऱ्याच्या प्रगतीचा इतका राग का येतो कळत नाही. वीट आलाय.

२ फेब्रुवारी, रविवार
दुसरा टर्बो बसला. फिल्टरसकट. टर्बोतून तेल खाली इंजिनात परत यायला एक नळी लागते. योग्य ती नळी पुण्याहून मागवायला लागणार होती. पृथ्वीराजनं ठिबकची नळी लावली. मी विचारलं, तापेल ना. तो म्हणाला, शेतात दिवसभर उन्हातच असती की. बोलण्यात तथ्य होतं.

न्हावऱ्यापर्यंत चक्कर मारली. अहाहा. आधी काहीच होत नाही, मग एकदम मागून कुणीतरी ढकलल्यासारखं होतं. उसाच्या ट्रॉल्या, दुधाच्या गाड्या, सगळे मागं. ठरवल्याप्रमाणं बूस्ट कमीच ठेवला होता. येताना थोडा वाढवला, फक्त तुलना करायला म्हणून. घरी येऊन आणखी थोडा वाढवला, कारण तुलना पूर्ण व्हायला हवी.

पौष संपला. नीलमला सांगितलं, नऊ तारखेला येतो. ती म्हणाली, नक्की ना, मी पुरणाचं करून ठेवते. मी म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार, पारगावच्या अलीकडं, गुऱ्हाळावर
हे उसाच्या चिपाडांवर बसून लिहितोय.

सकाळी निघालो. मागच्या सीटवर नवी दुपटी, नीलमला साडी. केडगावपर्यंत कमी बूस्ट, असं स्वतःला बजावलं होतं. पण पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वर गाणी मोठ्यानं. अशा माणसाच्या मागं कोण राहणार. ओव्हरटेक केलं. शिट्टी वाजली, सुंदर वाजली, आणि ठिबकची नळी वितळून तेल तापलेल्या टर्बोवर सांडलं. रस्ता दिसेना इतका धूर.

गुऱ्हाळावरचे बिहारी मजूर पळत आले. गाडी पेटली असं वाटून त्यांनी चुलवणातली राख फावड्यांनी इंजिनावर टाकली. मी नको नको म्हणेपर्यंत बॉनेटखाली सगळं पांढरं. एकजण म्हणाला, "साहब, बच गए आप." गाडीची बाजू कुणालाच दिसत नव्हती.

नीलमला फोन करून सांगितलं, कंपनीत अचानक ऑडिट लागलंय, निघता येत नाही. ती बरं म्हणाली.

मला काय माहीत की गुऱ्हाळवाला मामांच्या भावकीतला आहे. तासाभरात मामा मोटरसायकलवर हजर. हातात डबा. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई. गाडीभोवती एक चक्कर मारली, राख बघितली. म्हणाले, जेवा आणि बसा मागं, केडगाव इथंच तर आहे, लेकीला बघून या.

मी नाही म्हटलं. जावई बायकोला न्यायला येतो तो सासऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून, अंगाला तेल लावून? काही रीतभात आहे का नाही. पुरणपोळी मात्र चांगली झाली होती. डबा रिकामा करून परत दिला.

१० फेब्रुवारी
नीलमचा फोन. एवढंच विचारलं, "झालं का ऑडिट?"

मी म्हटलं, काही त्रुटी निघाल्या, दुरुस्ती चालू आहे. यात खोटं काहीच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
राख धुण्यात दोन रजा गेल्या. नळी आता खरी, रबराची, पुण्याहून आणलेली. पृथ्वीराज म्हणतो, टर्बो काढून टाकू आणि गाडी होती तशी करू. होती तशी करायला मूळचा पाइप कुठंय, तो तूच कापलास. म्हणाला, व्हय की. नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. मनातून उतरला.

आण्णा म्हणाले, शेजारच्या गेणबाचा टेम्पो घेऊन मीच जातो आणि दोघींना घेऊन येतो, अमावस्येच्या आत लेक घरी यावी. मी स्वच्छ नाही म्हटलं. माझी लेक कांद्याच्या टेम्पोतून घरी येणार? मी जिवंत आहे तोवर नाही. आण्णांनी पेपर उघडला. आई म्हणाली, पोरगी तुला बघून आता हसंल तरी, बारशाला डोळं मिटूनच व्हती. मी तिला सांगितलं की मलाही हे कळतं, म्हणूनच तर सगळं करतोय.

नीलमला तेवीस तारीख सांगितली. ती मग म्हणाली, "दहापतोर वाट बघते. दहाला यष्टी हाय. मग माझी मी येते." बायकांचा स्वभावच असा, कुठलीही गोष्ट वेळेत मोजायची. पण या वेळी चिंता नाही. टर्बोच्या गाडीला दहा म्हणजे आरामात पोचणं.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी लवकर
निघतोय. आईनं दह्याची वाटी दिली. फोन डॅशबोर्डवर लावलाय, त्यात इंजिनाचं तापमान आणि बूस्ट दिसतो. मध्येच कुणाचा फोन आला की आकडे झाकले जातात, म्हणून फोन सायलेंटवर, कॉल बंद. आज फक्त इंजिनाकडं लक्ष.

त्याच दिवशी, साडेदहा, पारगावचा पूल
चौथ्यांदा थांबलोय. तेल पितेय. म्हणजे गाडी. तापतेही. थांबायचं, गार होऊ द्यायची, तेल ओतायचं, पुढं निघायचं. चालतेय मात्र. कुणी चालत नाही म्हणू नये. रिलायबल म्हणजे शेवटी काय, पोचवते ती गाडी.

आत्ताच शिरूरची एसटी अंगावर धूळ उडवत गेली. माझं अर्धं डोकं बॉनेटखाली. खिडकीतून कुणीतरी बघत होतं. एसटीतल्या लोकांना रस्त्यावर उभा असलेला माणूस दिसला की फार समाधान होतं. त्यांना स्वतःची गाडी कधी घेता येत नाही ना. तिरस्कार वाटतो अशा नजरांचा.

त्याच दिवशी, दुपार, केडगाव
पोचलो. स्वतःच्या गाडीनं, टर्बोसह. दारात शिट्टी वाजवूनच उभा राहिलो.

मामी बाहेर आल्या. पाणी दिलं. म्हणाल्या, नीलम तर दहाच्या एसटीनं गेली, मामा बरोबर गेलेत. फोन लावत होती, लागत नव्हता.

मी ओसरीवर बसलो.  समोर पाळण्याची रिकामी दोरी. विश्वजीतनं आणून सोडलं असेल, या एकाच विचारानं डोकं तापलं आणि मी तसं विचारलंही. मामी म्हणाल्या, "विश्वजीतराव आलं व्हतं गाडी घिऊन. ती न्हाई बसली. म्हणाली, त्यांना बरं न्हाई वाटायचं."

मामींनी जेवायला वाढलं. जावयाला वाढतात तसं, पाट, रांगोळी, सगळं. मी जेवलो. नंतर गाडी चालू केली तर झाली नाही. किल्ली फिरवली, कट्ट असा आवाज आला, मग तेवढाही आला नाही. गाडी तिथंच, मांडव होता त्या जागेवर.

त्याच दिवशी, संध्याकाळ, निमोणे
शिरूरच्या एसटीनं न्हावरा, उभ्यानं. तिथून दुधाच्या गाडीत.

दारात ओवाळून टाकलेला भाकरतुकडा पडला होता, कोंबड्या टिपत होत्या. म्हणजे माझी लेक उंबरा ओलांडून आत गेली होती. आईनं ओवाळलं, आण्णा बघत होते, गेणबाच्या घरची माणसं होती. सगळे होते.

मामा ओसरीवर चहा घेत होते. त्यांनी मला बसायला जागा केली. पुलावर तुम्ही दिसलात, म्हणाले. त्यांनी कंडक्टरला घंटी मारायला सांगितलं होतं. नीलमनं वडिलांना नको म्हटलं. "नका थांबवू आबा, त्यांचं काम चाललंय."

आत गेलो. नीलम भिंतीला टेकून बसली होती, पोरगी मांडीवर, जागी. बारशाला मुठीएवढं तोंड होतं, आता गाल आलेत. डोळे टक्क उघडे. ती छताकडं बघत होती, मग माझ्याकडं बघायला लागली. हे डोळे मी आज पहिल्यांदा बघितले. मी हात पुढं केले.

नीलमनं माझ्या हातांकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी बोललो असतो. ती म्हणाली, "आधी हात धुऊन या."

हात कोपरापर्यंत काळे. आधी डिझेलनं धुतले, मग कपड्याच्या पावडरीनं, मग आईनं दिलेल्या चुलीतल्या राखेनं घासले. नखांतलं निघेना. वास तर अजिबात निघेना. इतके दिवस मला सगळ्यांची किळस येत होती, साडूची, पृथ्वीराजची, बसमधल्या माणसांची. आज फक्त या हातांची आली. फार आली.

टॉवेलला पुसत आत आलो तेव्हा पोरगी झोपली होती. नीलमनं ओठांवर बोट ठेवलं. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग बाहेर जाऊन परत हात धुतले.